खुनासाठी जागा पाहिजे

मराठीत खून पाडणं फार अवघड आहे. प्रत्यक्षातल्या खुनाचं म्हणत नाही. त्या बाबतीत आपण कुणाच्या मागे नाही, हे रोजचं वर्तमानपत्र सांगतंच. मी म्हणतोय ते कागदावरच्या खुनाबद्दल. नीट आखलेला, कुणाला पत्ता लागू न देता केलेला आणि शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून उलगडता येईल असा खून. तो मराठी घरात होतच नाही, कारण त्याला आधी एकांत लागतो, आणि एकांत ही वस्तू आपल्याकडे रेशनवरसुद्धा कधी मिळाली नाही.

इंग्रजांचं बरं होतं. अगाथा ख्रिस्तीबाईंच्या कादंबरीत गावाबाहेर एक ऐसपैस घर असतं, घरात मोजता येणार नाहीत इतक्या खोल्या आणि त्या खोल्यांत एकमेकांशी न बोलणारे पाहुणे. १९४२ साली तर बाईंनी एक प्रेत थेट घरातल्या लायब्ररीत टाकलं. घरातल्या! आपल्याकडे घरातली लायब्ररी म्हणजे टीव्हीखालचा कप्पा. त्यात दिवाळी अंकसुद्धा आडवा घालावा लागतो, तिथे माणूस कुठे आडवा करणार? गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा पर्याय मी तपासून पाहिला. प्रेत संदर्भ विभागात ठेवलं, तर मार्चअखेरच्या तपासणीपर्यंत कुणाला कळणार नाही. वृत्तपत्र विभागात ठेवलं, तर सकाळी आठला येणारे आजोबा त्याला म्हणतील, “तुमचा वाचून झाला असेल तर मधलं पान द्या.”

बरं, या धंद्याला नियम आहेत. रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका पाद्रीबुवांनी १९२९ साली रहस्यकथेसाठी दहा आज्ञा लिहून ठेवल्या. पाप करू नका असं सांगणं हे पाद्रीबुवांचं नेहमीचं काम. यांनी ते शिस्तीत कसं करावं तेही सांगितलं. पैकी एक आज्ञा अशी की गोष्टीत एकापेक्षा जास्त गुप्त वाटा नकोत. आमच्या इमारतीत एकच वाट आहे, ती म्हणजे संडास-बाथरूमची डक्ट. तिच्यातून खालच्या मजल्यावरची लसणाची फोडणी आणि वरच्या मजल्यावरचं भांडण एकाच वेळी घरात येतं, तेव्हा ती गुप्त म्हणता येणार नाही. दुसरी आज्ञा: वाचकाला पूर्वसूचना दिल्याशिवाय जुळे भाऊ आणू नयेत. आपल्याकडे जुळं झालं की अख्ख्या आळीला पेढे जातात. पूर्वसूचना न देणंच अशक्य. तिसरी आज्ञा मात्र मराठी वाचकाला मनापासून पटेल. गुप्तहेराच्या मित्राची बुद्धी सर्वसाधारण वाचकापेक्षा किंचित कमी असावी, असं बुवा म्हणतात. आमचा वाचक ही सवलत लेखकालाही देतो.

नॉक्सच्या आदल्या वर्षी एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाने वीस नियम केले होते. त्यातला एक म्हणजे, नोकराला खुनी करायचं नाही. बटलर येतो-जातो, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, म्हणून त्याच्यावर ढकलणं फार सोपं. हा नियम आपल्याला लागूच पडत नाही. आपल्याकडे बटलर नाही, घरकाम करणाऱ्या मावशी आहेत, आणि सगळ्यांचं लक्ष फक्त त्यांच्याकडेच असतं. मावशी सहा घरची कामं करतात. खून पहाटे झाला, तर भांडी घासून होईपर्यंत सहा घरचे जबाब त्यांच्याकडे तयार असतात. इन्स्पेक्टर येतो, टोपी काढतो, भुवया आक्रसतो, आणि मावशी जिन्यातूनच सांगतात, “साहेब, उगाच ए विंगला गेलात. आधी बी विंगला चारशे तीनमध्ये जायचं.” अडीचशे पानांची कादंबरी पान नऊवर संपते.

बंद खोलीतला खून हा तर या शास्त्रातला मानाचा प्रकार. दार आतून बंद, खिडक्या बंद, आत प्रेत आणि खुनी गायब. जॉन डिक्सन कार या लेखकाने या एकाच कोड्यावर हयात घालवली. १९३५ च्या एका कादंबरीत तर त्याचा गुप्तहेर गोष्ट बाजूला ठेवून बंद खोलीतल्या खुनाच्या पद्धतींवर प्रकरणभर व्याख्यान देतो. मराठी घरात खोली आतून बंद झाली, तर दुसऱ्या मिनिटाला बाहेरून आवाज येतो, “आत काय चाललंय?” खुनी असला तरी तो “काही नाही” म्हणणार आणि कडी काढणार, ते वळण लहानपणीच लागलेलं असतं. शिवाय घराची एक किल्ली शेजारी आणि एक सोसायटीच्या ऑफिसात. उरलासुरला प्रश्न १९९८ पासून ‘सीआयडी’ मालिकेतल्या दयाने निकालात काढला. एसीपी प्रद्युम्न खूण करतात, दया लाथ घालतो, दार खाली. खुनी बंद दारातून बाहेर गेला कसा, हे मग कुणी विचारत नाही, कारण विचारायला दारच उरत नाही.

विषाकडे वळावं, तर तिथेही पंचाईत. ख्रिस्तीबाई पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधालयात काम करत होत्या. विषांची ओळख त्यांना तिथे झाली. त्यांच्या १९२० सालच्या पहिल्याच कादंबरीतला विषप्रयोग इतका बिनचूक होता, की औषधव्यवसायाच्या एका नियतकालिकाने त्याची तारीफ केली. पण त्यांच्याकडे चहा वेगळा, दूध वेगळं, साखर वेगळी आणि ज्याचा त्याचा कप वेगळा. आपल्याकडे एक पातेलं. सगळं त्यातच उकळतं. एका काकाचा काटा काढायचा म्हटला, तर अख्खं कुटुंब, भिशीचे पैसे द्यायला आलेल्या शेजारीण काकू आणि कुरिअरवाला मुलगा एवढ्यांना सोबत न्यावं लागेल. त्यातून काका स्वभावाने चांगले निघाले, तर अर्धा चहा बशीत ओतून “घे रे, तूही घे” म्हणत खुन्यालाच पाजणार. पुष्कळ विचार केल्यावर यातून एक मार्ग सापडला. बिनसाखरेचा चहा घेणाऱ्याचा कप वेगळा करतात. म्हणजे शास्त्रशुद्ध विषप्रयोग करता येईल असा महाराष्ट्रात एकच वर्ग आहे, मधुमेही. घरोघरी एखादा असतोच, त्यामुळे लेखकाने अगदीच निराश व्हायचं कारण नाही.

“मी त्या वेळी तिथे नव्हतोच” हे सिद्ध करणं ही आणखी एक पायरी. इंग्रजी कादंबरीत हे आगगाडीच्या वेळापत्रकावर ठरतं. फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स मुळात रेल्वेत इंजिनिअर. त्याचा पोलीस अधिकारी गाड्यांच्या वेळा जुळवून भल्याभल्यांना फासावर चढवतो. मुंबईत या पद्धतीने पाकीटमारसुद्धा सापडणार नाही. संशयित म्हणतो, मी नऊ बाराची पकडली. नऊ बाराची आली नऊ एकतीसला, नऊ बाराला आली ती आठ चोपन्नची, आणि इंडिकेटरवर लागली होती तिसरीच. सगळे खरं बोलतायत आणि कुणीही कुठेही असू शकतो. ख्रिस्तीबाईंची १९५७ ची एक कादंबरी शेजारून धावणाऱ्या गाडीत एका बाईचा गळा आवळला जाताना दिसतो, तिथून सुरू होते. आपल्याकडे फास्ट आणि स्लो रोज शेजारून धावतात. दारातल्या माणसाचा गळा कुणी आवळताना दिसलं, तर बघणारा शांतपणे म्हणेल, “बोरिवलीवाला दिसतोय, विरार फास्टमध्ये चढला.” तक्रार दूरच, तो हेडफोन पुन्हा कानात घालेल.

हेतूचं काय? साहेबाच्या कादंबरीत मृत्युपत्र असतं. वकील चष्मा पुसून वाचतो आणि सगळी इस्टेट एका पुतण्याला जाते. आपल्याकडे सातबारा असतो. काका गेले की त्यांच्या अकरा गुंठ्यांवर वारस नोंद होते. चुलते, पुतणे, आणि वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलग्यांइतक्याच हक्काच्या मुली. खुन्याच्या वाट्याला येणाऱ्या जमिनीत स्कूटर जेमतेम उभी राहील, तीही स्टँडवर. फेरफाराला लागणारा वेळ बघता जन्मठेप आधी भोगून होईल.

सध्याच्या काळातला सगळ्यात दमदार हेतू म्हणजे इमारतीचा पुनर्विकास. दोन बिल्डर, दोन गट, वाढीव कार्पेट एरियाचा वाद. खून पडायला आणखी काय हवं? पण इथेही लेखक अडकतो. विरोधी सभासद मारला, तरी त्याचं मत मरत नाही. ते नॉमिनीकडे जातं, आणि नॉमिनी अमेरिकेतून व्हिडिओ कॉलवर जास्त त्रास देतो. म्हणून मला वाटतं, ख्रिस्तीबाईंची १९३४ ची ती गाजलेली ओरिएंट एक्स्प्रेसची कादंबरी खरं म्हणजे सहकाराच्या या भूमीत लिहिली जायला हवी होती. शेवट फोडत नाही. एवढंच सांगतो, की आपल्याकडे तेच प्रकरण रीतसर झालं असतं. चौदा दिवस आधी नोटीस, गणसंख्या पूर्ण, सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर आणि इतिवृत्तात नोंद. त्यातल्या गुप्तहेर पॉयरोला मेंदू शिणवायची गरजच नव्हती. सेक्रेटरीकडून मिनिट्स बुक मागवायचं.

मग मराठीत रहस्यकथा झाल्याच नाहीत का? झाल्या, आणि धो धो झाल्या. त्याचं श्रेय बाबूराव अर्नाळकरांच्या एका शहाणपणाला आहे. बाबूराव म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म १९०६, मृत्यू १९९६. चाळीत खून मावत नाही, हे त्यांनी फार लवकर ओळखलं आणि खून सरळ चाळीबाहेर काढला. त्यांच्या कथांत बंगले आले, मोटारी आल्या, टेलिफोन, रिव्हॉल्व्हर आणि वेषांतरं आली. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा छोटू या मंडळींनी हजारावर पुस्तकांत मिळून जेवढ्या बंद दिवाणखान्यांतून वावर केला, तेवढे दिवाणखाने त्यांच्या सगळ्या वाचकांनी मिळूनही पाहिले नसतील. हा वाचक गिरणगावात, गिरगावात एका खोलीत सहा जणांबरोबर झोपत होता. नळावर रांग, मोरीला रांग, पाठ टेकायला भिंत हवी तर तिथेही धाकटा भाऊ आधीच टेकलेला. खुनी कोण, याच्याशी त्याला फारसं घेणंदेणं नव्हतं. एका माणसाला मारायला अख्खा बंगला मोकळा मिळतो, याचंच त्याला अप्रूप होतं. मराठी रहस्यकथेवर भीतीचा शिक्का बसला, पण माझ्या मते ती चौरस फुटांच्या हव्यासाची कथा आहे.

त्या पुस्तकांची मुखपृष्ठं रघुवीर मुळगावकरांनी रंगवली. हेच मुळगावकर घरोघरीच्या कॅलेंडरांवर देवदेवताही काढत. एकाच चित्रकाराची लक्ष्मी देवघराशेजारच्या भिंतीवर आणि पिस्तुलापुढे किंचाळणारी सुंदरी उशीखाली, असा तो सुखाचा काळ होता. पुस्तकं भाड्याने मिळत, दिवसाला ठरलेले पैसे. त्यामुळे ती एका रात्रीत संपतील एवढीच जाड असत. उद्या सकाळी परत न केलं तर खुन्याआधी आपल्याला दंड. या वाचनालयांच्या प्रतींवर समीक्षाही वाचायला मिळे. बाराव्या पानावर पेन्सिलीत “खुनी डॉक्टर आहे”. त्याखाली दुसऱ्या अक्षरात “डॉक्टर नाही, कंपाउंडर”. त्याखाली शाईने, “शेवटचं पान फाटलं आहे, पण तरीही डॉक्टर नाही.” मराठी समीक्षेत मतभेद इतके मुद्देसूद पुन्हा कधी झाले नाहीत.

बाबूरावांनंतर गोव्याचे गुरुनाथ नाईक आले. त्यांच्याही कादंबऱ्या हजाराच्या पुढे. पुण्याचे सुहास शिरवळकर आले, त्यांचे दारा बुलंद, अमर विश्वास, फिरोज इराणी आले. जॉर्ज सिमेनॉनने इन्स्पेक्टर मेग्रेच्या पाऊणशे कादंबऱ्या लिहिल्या म्हणून युरोप तोंडात बोट घालतं. आमच्या मंडळींनी तेवढ्या एस. टी. स्टँडच्या एका स्टॉलवर संपवल्या असत्या. तरी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना जागा किती? तळटीपेएवढी. ते इतक्या वेगाने लिहीत, की समीक्षकाला त्यांना गाठताच आलं नाही. शिरवळकरांची गंमत बघा. जन्मभर एवढे खून पाडले, आणि २०१३ साली सिनेमा आला तो कॉलेजच्या कट्ट्यावरच्या ‘दुनियादारी’ या त्यांच्या कादंबरीवर. मराठी माणूस खून विसरतो, मैत्री विसरत नाही, असं म्हणून आपण खूश व्हायचं.

आता मीही कादंबरी लिहायला घेतली आहे म्हटल्यावर कायदा पाहणं आलं. मराठी इन्स्पेक्टरने गेल्या कैक पिढ्या “तीनशे दोन लावीन” एवढ्याच वाक्यावर नोकरी केली. त्या आकड्यालाच दरारा होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि खून कलम १०३ मध्ये गेला. नव्या संहितेतलं ३०२ धार्मिक भावना दुखावणाऱ्या बोलण्याबद्दल आहे. म्हणजे माझा इन्स्पेक्टर सवयीने टेबलावर हात आपटून “तीनशे दोन!” ओरडला, तर प्रेताच्या शेजारी उभा असलेला खुनी हात जोडून माफी मागेल आणि चहा पिऊन घरी जाईल. चारशे वीसचंही तेच. ते आता ३१८ झालंय. एखाद्याला तीनशे अठरा म्हणून पाहा. तो फ्लॅट नंबर समजेल.

तरीही मी हटलो नाही. माझ्या कादंबरीत खून एका गृहनिर्माण सोसायटीत होतो. सीसीटीव्ही आहे, पण देखभालीच्या वादामुळे बंद आहे. ही तर वास्तववादाची कमाल. मयत मधुमेही, हे सांगायला नकोच. मावशींना मी गावी जत्रेला पाठवलंय, त्याशिवाय कथानक पुढे सरकत नव्हतं. आणि खुनी पकडला जातो तो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमुळे. प्रेत सापडायच्या वीस मिनिटं आधी त्याने “भावपूर्ण श्रद्धांजली” टाकलेली असते. त्याखाली अकरा जणांनी हात जोडलेले असतात, कोण गेलं हे न विचारता.

हे कथानक घेऊन मी एका प्रकाशकांकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “अनुवाद कुठल्या भाषेतून?”

“मूळ मराठीच आहे.”

“अरेरे,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात सहानुभूती होती. “हल्ली स्वीडन, नॉर्वे चालतं. बर्फ हवा. बर्फात रक्त उठून दिसतं. तुमच्याकडे बर्फ आहे का?”

“डोंबिवलीत?”

“महाबळेश्वरला न्या. वेण्णा तलावाकाठी थंडीत दव गोठतं, पेपरात फोटो येतो. तेवढ्यावर भागवा. आणि रहस्यकथा म्हणू नका, मानसशास्त्रीय थरारकथा म्हणा. पन्नास रुपये जास्त लावता येतात. आणि आधी चार लोकांना वाचायला द्या.”

दिली. चार लोकांत एक मेहुणा, एक आत्या, एक सहकारी आणि आमच्या इमारतीतले बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. चौघांचं मत एकच पडलं, “खुनी कोण ते पहिल्या पानापासूनच कळत होतं.” मी खुनी बदलला. दुवे बदलले, पुरावे बदलले, सेक्रेटरीला निर्दोष सोडून खजिनदाराला अडकवलं आणि पुन्हा त्याच चौघांना दिली. चौघंही म्हणाले, “मला पहिल्यापासूनच संशय होता.” आत्या तर म्हणाली, “खजिनदार कसला रे, त्याचं नाव वाचलं तेव्हाच मी यांना म्हटलं.”

तेव्हा उमगलं की नॉक्सबुवांचे दहा आणि व्हॅन डाइनचे वीस नियम मराठीत कुचकामी का ठरतात. ते सगळे नियम वाचकाला शेवटी दचकवण्यासाठी आहेत. आमच्या वाचकाला दचकायचं नसतंच. भिंतीपलीकडचं भांडण, डक्टमधली फोडणी आणि शेजारच्या मुलीचं ठरलं की मोडलं, हे सगळं ज्याला बसल्या जागी कळतं, त्याला कादंबरीतला खुनी कळू नये? हा अपमान तो का सोसेल? त्याला हवी असते फक्त पोचपावती. त्याने ओळखलं होतं, याची.

म्हणून मी एक प्रयोग केला. शेवटचं प्रकरणच काढून टाकलं. सहा संशयित, सगळ्यांवर सारखाच संशय, आणि इन्स्पेक्टर “खुनी या खोलीतच आहे” म्हणतो तिथे पुस्तक बंद. हस्तलिखित निवृत्त गृहस्थांना नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः परत द्यायला आले. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

“आता जमलं बघा तुम्हाला,” ते म्हणाले. “माझा अंदाज शंभर टक्के बरोबर निघाला.”

मी घाईघाईने विचारलं, “कोण हो?”

त्यांनी माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. “कमाल आहे. लेखक तुम्ही, आणि तुम्हालाच कळलं नाही?”